खडकावरून जिताडा-तांबसाठी गळ टाकायचाय, रीलचा ड्रॅग कसला घ्यावा?

ड्रॅग म्हणजे मासा ओढू लागला की दोर ताणात ठेवून सोडणारा रीलमधला ब्रेक; तो पुढे नॉब असलेला, कार्बन वॉशरचा आणि जमलं तर सीलबंद (आत पाणी न शिरणारा) घ्या. मागे नॉबवाली रीलं समुद्रासाठी सोडून द्या. स्वतःची रीलं उघडून साफ करतो, त्यावरून सांगतो: मागच्या ड्रॅगचे वॉशर लहान असतात, मासा लांब पळाला की तापतात आणि दोर झटके देत सुटतो. फेल्टचे (जाड लोकरी कापडासारखे) वॉशर सुरुवातीला मऊ चालतात, पण ग्रीस सुकलं की अडकतात. खोक्यावरच्या ‘कमाल ड्रॅग १२ किलो’ला भुलू नका. दुकानात नॉब ढिला करून दोर हाताने सावकाश ओढा. सुरुवातीलाच हिसका बसला तर ते रील परत ठेवा. ड्रॅग दोराच्या ताकदीच्या पंचवीस ते तीस टक्के लावायचा, म्हणजे ३० पौंडी ब्रेडला (विणलेल्या दोराला) साधारण साडेतीन-चार किलो. स्प्रिंगच्या काट्याने मोजा, अंदाज हमखास चुकतो. घरी आल्यावर नॉब घट्ट करून गोड्या पाण्याने हलकं धुवा, वाळल्यावर ढिला करून ठेवा. मात्र होडीतून सुरमईसाठी ट्रोलिंग (चालत्या होडीमागे गळ ओढत नेणं) करणार असाल तर हे सगळं बाजूला ठेवून लिव्हर ड्रॅगचं, म्हणजे नॉबऐवजी दांडीने ड्रॅग लावायचं रील बघा.