आजी सरळ का सांगत नाही?

प्रिय चिऊ,

तुझा रागावलेला निरोप काल रात्री मिळाला. आजीनं वहीच्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या, तू दोन दिवस डोकं खाजवून इंदूरच्या राजवाड्यापर्यंत पोचलीस, आणि तिनं भुट्ट्याचा कीस परतता परतता ‘अर्धं बरोबर’ म्हणून तुला वाटेला लावलं. वर तुझा प्रश्न: ‘आई, मराठी लोक सरळ का सांगत नाहीत? नाव घ्यायला काय होतं?’

आधी त्या ओळी पुन्हा लिहिते, म्हणजे तू काही गाळलं नाहीस ना ते कळेल.

तीन मजले दगडी, चार मजले लाकडी,
सांगा, माहेरच्यांनी कुठं टाकली काडी?
अग्नी, नेत्र, ऋषी, चंद्र, एकच साल धरा,
काडीआधी ठिणगी कुठं पडली, शोधा जरा.

पहिली ओळ तुला सुटली, कारण तू रोज राजवाड्यावरून जातेस. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. तिसरी ओळ मात्र तू फोनला विचारून सोडवलीस, असं आजीनं मला आधीच कळवलंय. म्हणून ती नीट समजून घे. आपल्याकडे ज्योतिषी आणि कवी श्लोकात आकडे घालताना आकड्याऐवजी वस्तू लिहीत. चंद्र एकच, म्हणून तो १. डोळे २. यज्ञातले अग्नी ३. वेद ४, ऋतू ६, सप्तर्षी ७. आणि वाचायचं उलट, एकंपासून डावीकडे सरकत. अग्नी ३, नेत्र २, ऋषी ७, चंद्र १, म्हणजे ३२७१ नव्हे, १७२३. हे शक आहे. त्यात ७८ मिळव. झाले १८०१. (पौष-माघातली घटना असली तर ७९ मिळवावे लागतात. आजी त्यात हमखास पकडते.) सालातला आकडा म्हणूनही अग्नीच आणि वाडा जाळणाराही अग्नीच, हे मला लहानपणी किती आवडायचं!

आता ‘माहेरच्यांनी’. तू ही ओळ वाचून पुढे गेलीस, आणि तिथंच अडकलीस. आजीचं माहेर कुठलं? ग्वाल्हेर, लष्कर. त्या भागाला लष्कर म्हणतात कारण दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी तिथं पडली आणि ती उठलीच नाही. ऑक्टोबर १८०१मध्ये याच दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे फौज घेऊन इंदूरवर आले, शहर लुटलं आणि राजवाडा जाळला. आजी लग्न होऊन होळकरांच्या गावात आली, आणि आजोबांना आयुष्यभराचं खाद्य मिळालं. दर दसऱ्याला सोनं वाटून झालं की ते पहिल्या दोन ओळी म्हणायचे, सगळ्यांसमोर, आजीकडे न बघता.

म्हणजे कोडं मुळात दोन ओळींचंच होतं. पुढच्या दोन आजीच्या. लग्नानंतर दुसऱ्याच दसऱ्याला तिनं त्या तिथल्या तिथं जोडल्या म्हणतात. मला ते फारसं खरं वाटत नाही. वर्षभर स्वयंपाकघरात घोळवल्या असणार.

आता तुझा खरा प्रश्न. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, घ्यायचंच झालं तर उखाण्यात गुंफून घेत, हे तू मावशीच्या लग्नात पाहिलंस. तुला तो खेळ वाटला, आणि तो आहेच. पण नाव आडून घेण्याची दुसरीही वेळ असते. पानिपत झालं, १४ जानेवारी १७६१. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघाले होते. आपल्या माळव्यातच, भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशेजवळ, त्यांच्या हाती सावकारी पत्र लागलं. त्यात लिहिलं होतं, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. (मोहरांचा आकडा कुणी पंचवीसही सांगतं.) परक्याच्या हाती पडलं तर पेढीचा तोटा वाटावा असं पत्र. मोती कोण ते पेशव्यांना विचारावं लागलं नसेल. एक त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव, दुसरा चुलतभाऊ सदाशिवराव. असं वाक्य सरळ लिहिता येतं का, तू सांग.

आजीचं तेवढं मोठं नाही. पण ‘माझ्या माहेरच्या फौजेनं तुमचं गाव जाळलं’ हे तिच्या तोंडून सरळ निघणार नाही. आणि ‘सुरुवात तुम्ही केलीत’ हे चारचौघांत नवऱ्याला सरळ म्हणणं तर तिच्या काळात अशक्यच. कोड्यात दोन्ही म्हणता आलं.

१९८४ साली राजवाडा पुन्हा जळला. १९०८मध्येही एकदा जळला होता, तेव्हा ही तिसरी खेप. मी चौथीत होते. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दंगल उसळली होती, आम्हाला गच्चीवर जायची बंदी होती, आणि तरी खिडकीतून धूर दिसत होता. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या दसऱ्याला सोनं वाटून झालं, सगळे वाट बघत बसले, आजोबा गप्प. मग आजीनंच तिच्या दोन ओळी आधी म्हटल्या. आजोबा खूप वेळानं हसले आणि त्यांनी आपल्या दोन म्हटल्या. उलटं कोडं झालं ते. त्या एका वर्षी कुणीच उत्तर दिलं नाही.

तर आता उरलेलं अर्धं. ‘एकच साल’ म्हटलंय, ते उगाच नाही. इंदूर जळण्याच्या तीन महिने आधी, जुलै १८०१मध्ये, यशवंतराव होळकर दुसऱ्या एका शहरावर चालून गेले होते आणि तिथं त्यांनी शिंद्यांच्या फौजेला धूळ चारली होती. शिंद्यांची राजधानी तेव्हा अजून ग्वाल्हेरला गेलेली नव्हती. परवा मामाबरोबर महाकाळाच्या दर्शनाला गेलीस ना, शिप्रेत पाय बुडवलेस ना? तेच. इंदूरची काडी त्या ठिणगीवरून पेटली. त्याआधी १७९७मध्ये पुण्यात शिंद्यांच्या माणसांनी यशवंतरावांच्या भावाला मारलं होतं, म्हणजे ठिणगीच्याही आधी ठिणगी आहे. पण ते आजीसमोर काढू नकोस, नाहीतर आणखी दोन ओळी येतील आणि तुझी सुट्टी त्यातच जाईल.

उत्तर घेऊन जा, कीस गरम असतानाच जा. ‘कुणी सांगितलं?’ असं ती विचारणारच. माझं नाव घेऊ नकोस.

तुझी,
आई