वाचक विचारतात : सायकल कडेनं चालवायची, पण कड आहे कुठे?

या महिन्याच्या टपालात सायकलीची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. पत्रं सगळी इंदूरची, म्हणून उत्तरंही इथल्याच रस्त्यांना धरून देते आहे. पॉलिटेक्निकमध्ये मी वाहतूक अभियांत्रिकी शिकवत असे आणि भाजी-बँकेची कामं आजही सायकलनंच करते, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे.

प्रश्न : ताई, माझी मुलगी आठवीत आहे. सुदामानगरहून अन्नपूर्णा रोडच्या शाळेत तिला सायकलनं जायचंय. तिचे आजोबा म्हणतात, फूटी कोठीच्या चौराह्यावर मोठ्यांची त्रेधा उडते, तिथे पोरीला एकटं कसं सोडायचं? मला दोघांचंही पटतं. काय करू?
— एक आई, सुदामानगर

उत्तर : आजोबांची भीती खरी आहे, आणि मुलीचा हट्टही रास्त आहे. पाठवायचं की नाही हे नंतर ठरवा, आधी कुठून पाठवायचं ते ठरवा. आपण स्कूटरनं मोठ्या रस्त्यानं जातो, म्हणून मुलालाही तोच रस्ता दाखवतो. सायकलचा रस्ता वेगळा शोधावा लागतो. सुदामानगरचे सेक्टर आतून गल्ल्यांनी जोडलेले आहेत. जेवढं आतून जाता येईल तेवढं जायचं, मोठा रस्ता फक्त ओलांडण्यापुरता. थोडा फेर पडेल, पडू द्या. एकदा रविवारी सकाळी तिच्यासोबत जाऊन या आणि नंतर शाळेच्या दिवशी, शाळेच्याच वेळेला पुन्हा जा. रविवारी मोकळा दिसलेला कोपरा सोमवारी ओळखूसुद्धा येत नाही.

आता चौराहा. आपल्याकडे बहुतेक सिग्नलवर डावीकडे वळणाऱ्यांना थांबावं लागत नाही, ज्याला आपण ‘फ्री लेफ्ट’ म्हणतो. सरळ जाणारी सायकल शिकवल्याप्रमाणे डाव्या कडेला उभी राहते आणि मागून हॉर्न सुरू होतात. मूल बिचकतं, आणखी कडेला सरकतं, आणि नेमकं वळणाऱ्या गाडीच्या पोटाशी जातं. बस किंवा डंपर वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती कोपऱ्याला धरून आतून जातात. ड्रायव्हरची केबिन सायकलला टाळून पुढे निघते, आणि मागचं चाक तिथेच येतं जिथे सायकल उभी आहे. ती जागा ड्रायव्हरला आरशात दिसतही नाही. हे मुलीला कागदावर चित्र काढून समजावा. बस, ट्रक, ट्रॉली यांच्या डाव्या अंगाला कधीच शिरायचं नाही, मागे थांबायचं. आणि निदान या वर्षी तरी मोठ्या चौराह्यावर सायकलवरून उतरून, हातात धरून, झेब्रावरून चालत पलीकडे जायचं. मैत्रिणी हसतील असं तिला वाटेल, पण तिथे उतरण्यात कमीपणा काहीच नाही.

दुभाजकातली वाट लांब पडते म्हणून मुलं उलट्या बाजूनं येतात. हे अजिबात नको. गल्लीतून बाहेर पडणारा माणूस उजवीकडून येणारी वाहनं बघतो, त्याच्या डावीकडून कुणी येत असेल हे त्याच्या मनातही नसतं.

एक बारकी गोष्ट सांगते. पावसाच्या पाण्यासाठी रस्त्याच्या कडेला ज्या लोखंडी जाळ्या असतात, त्यांच्या फटी कोणत्या दिशेनं आहेत ते बघून ठेवा. फटी रस्त्याला आडव्या असतील तर सायकल खडखडत निघून जाते. त्या रस्त्याच्याच दिशेनं असतील तर बारीक टायर त्यात अडकतं आणि मूल हँडलवरून पुढे फेकलं जातं. अशी जाळी मुलीच्या वाटेवर असेल तर तिचा फोटो, जवळच्या दुकानाची खूण आणि वॉर्ड क्रमांक लिहून महापालिकेत लेखी तक्रार द्या. जाळी फिरवून बसवणं हे एका दुपारचं काम आहे. अशा जाळ्यांमुळे, आणि चेंबरच्या खचलेल्या झाकणांमुळेही, सायकल अगदी कडेला घासून न चालवता कडेपासून हात-दीड हात आत चालवायची.

प्रश्न : आमच्या सोसायटीचे रात्रपाळीचे चौकीदार निरंजनपूरहून सायकलनं येतात. मागच्या महिन्यात रस्त्यालगत उभ्या कारचं दार अचानक उघडलं आणि ते पडले. मनगट मोडलं. आता ते पुन्हा कामावर येऊ लागतील. सोसायटी म्हणून आम्ही काय करू शकतो?
— सचिव, स्कीम 54, विजयनगर

उत्तर : तुम्ही हे विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. आपल्या गाड्यांत ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे डाव्या कडेला उभ्या केलेल्या कारचं त्याचं दार थेट रस्त्यात उघडतं, सायकलच्या वाटेत. उपाय साधा आहे आणि तो तुमच्या प्रत्येक सभासदाला शिकवता येईल : दार उजव्या हातानं न उघडता डाव्या हातानं उघडायचं. डावा हात उजव्या दाराकडे नेला की खांदा आणि मान आपोआप मागे वळतात, आणि मागून येणारी सायकल दिसते. ही सवय लावायला पैसा लागत नाही.

काकांना सांगा, उभ्या गाड्यांच्या रांगेपासून एक मीटर तरी सोडून चालवा. मागून हॉर्न वाजला तरी आत सरकू नका. कारमध्ये डोकं दिसलं किंवा मागचा लाल दिवा नुकताच विझला तर दार उघडणार असं धरून चाला.

दिव्याचं तुम्ही बघा. नव्या सायकलींना रिफ्लेक्टर लावूनच विकण्याचं आता बंधन आहे, पण काकांची सायकल जुनी असणार. रिफ्लेक्टर स्वतः उजळत नाही, कुणाचा हेडलाइट त्यावर पडला तरच तो दिसतो. म्हणून मागे लाल आणि पुढे पांढरा, चार्जिंगचा दिवा हवाच. रेडियमची पट्टी मडगार्डवर तर लावाच, शिवाय पेडलच्या मागच्या कडेला लावा. वर-खाली हलणारा ठिपका दिसला की मागच्या ड्रायव्हरला ही सायकल आहे, खांब नाही, हे लगेच कळतं.

आणि एक आपलंच बघायचं राहतं. तुमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या रात्री कुठे उभ्या असतात? बाहेर रस्त्यावर असतील तर फाटकाच्या आत त्यांच्यासाठी जागा काढा. काकांची वाट त्याच गाड्यांनी खाल्ली आहे.

प्रश्न : मी रोज स्नेहलतागंजहून भंवरकुआला कारनं जातो. सायकलवाले ऐन रस्त्यात येतात. त्यांच्यासाठी वेगळी लेन हवी असं तुम्ही मागेही लिहिलं होतं. मूठभर सायकलींसाठी आधीच तुंबलेला रस्ता आणखी अरुंद करायचा का? हल्ली सायकल लोक व्यायामाला चालवतात, त्यासाठी रीजनल पार्क आहे.
— एक व्यापारी

उत्तर : तुम्ही रागानं नाही, वैतागून लिहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

व्यायामाच्या सायकली तुम्हाला दिसतात, कारण त्या रंगीत असतात. सांवेर रोडच्या कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा एकदा जाऊन बघा. टिफिनची पिशवी हँडलला अडकवून, दिव्याशिवाय, लोडिंग गाड्यांच्या मधून घरी जाणारी माणसं दिसतील. पहाटेचे पेपरवाले, माळी, हलवायाच्या भट्टीवरचे कारागीर, चौकीदार हे सगळे सायकलवर असतात. 2011 च्या जनगणनेत देशातल्या जवळपास 45 टक्के घरांत सायकल होती, आणि शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांत दर शंभरात सुमारे 13 जण कामावर सायकलनं जात होते. या माणसांना रीजनल पार्कमध्ये फेऱ्या मारायच्या नाहीत, त्यांना कामावर पोचायचं आहे.

लेन किती सायकलींना द्यायची, याचं मोजमाप आपल्याकडे फार पूर्वी ठरलं आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं 1962 मध्येच सायकल ट्रॅकची शिफारस लिहून ठेवली. तासाला दोनशेहून जास्त मोटारगाड्या जात असतील तर गर्दीच्या तासाला शंभर सायकली असल्या तरी वेगळा ट्रॅक द्यावा, आणि तो किमान दोन मीटर रुंद असावा. ए. बी. रोडवर दोनशे गाड्यांना तास लागत नाही, काही मिनिटं पुरतात.

दोन मीटर ऐकून तुम्हाला रस्ता गेला असं वाटेल. पण कडेला उभी असलेली एक कार पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद असते, वर तिच्या दाराची जागा. म्हणजे सायकलला लागणारी जागा आज फुकटच्या पार्किंगमध्ये गेलेली आहे. तुमची कार चालते त्या जागेतून काही मागायचंच नाही. उलट सायकल तिच्या वाटेनं गेली की ती तुमच्या पुढ्यात येणार नाही. ती ‘ऐन रस्त्यात’ येते कारण कडेला गाड्या उभ्या आहेत. दुसरीकडे कुठे जाणार?

बीआरटीएस आठवा, म्हणजे ए. बी. रोडवर बससाठी राखून ठेवलेली वेगळी मार्गिका. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, सुमारे साडेअकरा किलोमीटर. 2013 मध्ये तिथे बस सुरू झाली. त्या आराखड्यात बसची मार्गिका मधे होती, आणि कडेला सायकल ट्रॅक व फुटपाथही होते. भांडण सगळं मधल्या रेलिंगवरून झालं, कडेच्या सायकल ट्रॅकवर मात्र हळूहळू गाड्या आणि दुकानांचं सामान येऊन बसलं, आणि कुणी फारसं बोललं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं बीआरटीएस काढायला सांगितलं. बस मधून जावी की नाही यावर दोन मतं असू शकतात. पण मधली जागा मोकळी होऊन रस्ता नव्यानं आखायचा आहे, तर कडेचा ट्रॅक त्या आखणीत परत यायलाच हवा. एकदा डांबर पडलं, पट्टे मारले आणि नवीन दुभाजक बसला की पुढे कित्येक वर्षं कुणी हात लावणार नाही.

आणि ट्रॅक म्हणजे हिरवा रंग फासलेली पट्टी नव्हे. शिकवत असताना विद्यार्थ्यांना मी हेच पहिल्यांदा सांगत असे : सायकल ट्रॅकचा नकाशा आला की सरळ भाग बघू नका, चौराहा बघा. बहुतेक ट्रॅक चौराह्याच्या अलीकडे संपतो आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो. मधली जागा, जिथे माणूस खरोखर मरतो, तिथे काहीच नसतं. पलासिया, गीता भवन, नवलखा या ठिकाणी सायकलला थांबायची रेषा मोटारींच्या रेषेपुढे हवी, म्हणजे ती ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर राहील. फ्री लेफ्टचा कोपरा इतका गोल नको की गाडी वेग न कमी करता वळेल. ट्रॅक आणि रस्ता यांच्यात कठडा हवा, नाहीतर पहिल्याच दिवाळीत तिथे पार्किंग होईल.

राजवाडा, सराफा, शीतलामाता बाजार इथे ट्रॅकला जागाच नाही, तिथे मी तो मागणारही नाही. तिथे गाड्यांचा वेग कमी हवा. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की ताशी 30 किलोमीटरनं कार आदळली तर पायी चालणारे दहापैकी नऊ जण वाचतात, वेग 45 झाला की निम्मेही वाचत नाहीत. सायकलस्वाराच्या अंगावरही पायी चालणाऱ्यापेक्षा जास्त चिलखत नसतं.

अजून एक कलम माहीत असू द्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 198-अ आलं. ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता न आखल्यामुळे किंवा न बांधल्यामुळे कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मला तुटपुंजी वाटते. तरीही नव्या आखणीबद्दल महापालिकेला पत्र लिहाल तेव्हा हे कलम त्यात जरूर लिहा. आणि माझी विनंती आहे, ते पत्र तुम्ही लिहा. कारवाल्यानं सायकल ट्रॅक मागितला तर त्याचं वजन माझ्या पत्राहून जास्त पडेल.

प्रश्न : माझ्या भावाला सायकलवर असताना एका गाडीनं उडवलं आणि ती पळून गेली. नंबर कुणी पाहिला नाही. सायकलला विमा नसतो, मग काहीच मिळत नाही का?
— एक वाचक, पाटणीपुरा

उत्तर : मिळतं. विमा धडक देणाऱ्या गाडीचा बघतात, सायकलचा नाही. पोलिसांत गुन्हा नोंदवला नसेल तर आजच नोंदवा आणि आसपासच्या दुकानांचं सीसीटीव्ही फुटेज मागा, ते थोड्याच दिवसांत पुसलं जातं. गाडी सापडलीच नाही तर केंद्राच्या योजनेत गंभीर जखमेला 50 हजार आणि मृत्यूला 2 लाख रुपये भरपाई आहे. अर्ज तुमच्या भागातल्या एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) किंवा तहसीलदारांकडे करायचा. गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जा, आणि अपघातापासून सहा महिन्यांच्या आत जा.

पुढे कुणावर अशी वेळ आली तर हेही लक्षात ठेवा : मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमींना ठरलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजना आहे, पण पोलिसांना लगेच कळवायला हवं. आणि जखमीला उचलून नेणाऱ्यावर कारवाई होत नाही, कायद्यानं त्याला संरक्षण आहे. भावाला आराम पडो.

प्रश्न : सायकलसाठी हेल्मेट सक्तीचं आहे का? मुलासाठी घेताना काय बघायचं?
— एक बाबा, तिलकनगर

उत्तर : सक्ती मोटारसायकल आणि स्कूटरला आहे, सायकलला नाही. तरी मुलाला घ्याच. दुकानात डोक्यावर चढवून बघा : पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टे कानाच्या दोन्ही बाजूंनी येऊन खाली मिळालेले, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच ढील. मान हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबर हलावं, डोक्यावर फिरू नये. मोठं होईल म्हणून एक माप मोठं घेऊ नका. आणि एकदा आपटलेलं हेल्मेट धाकट्याला देऊ नका, आतला थर्मोकोल एकदा दबला की पुन्हा धक्का झेलत नाही.