रिकाम्या फ्लॅटच्या सफाईचा दर कसा धरायचा?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगलीत कुपवाड रोडला राहते. जाऊ आणि मी मिळून घरसफाईचं काम करतो, हाताखाली दोन बायका आहेत. भाडेकरू फ्लॅट सोडताना सगळं घर घासूनपुसून द्यावं लागतं, तीच कामं आमच्याकडे जास्त येतात. विश्रामबागला इंजिनिअरिंगची मुलं, मिरजेला मेडिकलचे रेसिडेंट डॉक्टर, नाहीतर बदली झालेले बँकेतले लोक. आमचा दर ठरलेला आहे : वन बीएचके १,५०० रुपये, टू बीएचके २,५००. मागच्या महिन्यात एक टू बीएचके घेतला, चार मुलं राहून गेलेली. दर फोनवरच सांगून टाकला होता. जाऊन बघतो तर गॅसमागच्या टाइल्सचा मूळ रंग ओळखू येईना. एका दिवसाचं काम दोन दिवस चाललं. बायकांची हजेरी आणि रिक्षा भागवल्यावर आम्हा दोघींच्या हातात काहीच राहिलं नाही. वर मालकांचा फोन, खिडक्यांचे ट्रॅक राहिलेत, परत या. दर वाढवावा म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणतं, दुसरे २,००० मध्ये करून देतात. याचा काही हिशेब असतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : असतो, आणि तो वहीत मांडता येतो. तुमचा दर कमी आहेच. त्याहून मोठी अडचण ही की तो खोल्यांवर बांधलाय. खोल्या मोजून रंगकामाचा अंदाज येईल, सफाईचा येत नाही. मी सांगली-मिरजेत बरीच वर्षं हेच काम करते. टू बीएचकेत नवरा-बायको दोघंच राहिलेले असले की दुपारी चहाच्या वेळेला सुट्टी होते. तेवढाच फ्लॅट चार पोरांनी वापरलेला असला की तिथं दिवस मावळतो. दर बांधायचा तो बायकांच्या हाताला लागणाऱ्या तासांवर.

म्हणून पहिला नियम : न बघता आकडा सांगायचा नाही. जाणं जमत नसेल तर व्हिडिओ मागवा, पण त्यात काय दाखवायचं ते तुम्ही सांगा. गिऱ्हाईक आपणहून हॉल दाखवतं. हॉलचा आपल्याला काही उपयोग नसतो. गॅसमागची भिंत, चिमणीची जाळी, सिंकच्या खालचं कपाट, बाथरूमचे नळ, कमोडच्या मागची बाजू, खिडक्यांचे ट्रॅक आणि माळा, एवढं जवळून दाखवायला सांगा.

स्वतः गेलात तर सरळ स्वयंपाकघरात जा. गॅसच्या वर हातभर उंचीवर टाइलला अंगठ्याचं नख लावा आणि ओढा. नुसती रेघ उमटली तर साबणाच्या पाण्यात निघणारं काम आहे. नखात पिवळा चिकट गोळा आला तर ते तेल भाजून बसलेलं आहे. तिथं आधी तेलकटपणा काढायचं औषध लावून थांबायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायचं, परत लावायचं, असे दोन-तीन हात होतात. अशा वेळी स्वयंपाकघराचे तास मी सरळ दुप्पट धरते. एक्झॉस्ट फॅनची पाती आणि ट्रॉल्यांचे रूळही त्यातच येतात. चिमणीची जाळी बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते. तिला कॉस्टिक सोडा लावू नका, काळी पडते आणि खाल्ली जाते. कडकडीत गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड घालून टबात बुडवून ठेवा, तोवर दुसरं काम होतं.

बाथरूमचं दुखणं वेगळं. ज्या बिल्डिंगा बोअरच्या पाण्यावर आहेत तिथं नळांवर, शॉवरवर, काचेवर क्षारांचा पांढरा थर चढतो. बायका तो तारेच्या घासणीनं घासत बसतात. तास जातो आणि नळाची चकाकी पण जाते. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवा, त्यात फडकं भिजवून नळाला गुंडाळा आणि अर्धा तास विसरून जा. नंतर मऊ घासणीनं थर सुटतो. ॲसिडच्या बाटलीकडे हात जाऊ देऊ नका. शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड आहेत. ॲसिड पडलं की फसफसतात, वरची झिलई जाते ती कायमची, आणि मालक फरशीचे पैसे तुमच्याकडे मागतो. मोझॅकच्या लादीचंही तेच. आणि एक गोष्ट तुमच्या बायकांकडून पाठ करून घ्या : ॲसिड आणि ब्लीच कधी एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

आता हिशेब. विश्रामबागेतला रिकामा टू बीएचके धरू, दुसरा मजला, कुटुंब राहून गेलेलं, मध्यम घाण. माझ्या वहीत तो असा येतो : स्वयंपाकघर ४ तास, दोन बाथरूम मिळून ५, खिडक्या आणि ट्रॅक ३, कपाटं आणि माळा आतून २, पंखे, दिवे, जळमटं दीड, फरशी आणि स्कर्टिंग अडीच. एकूण १८ तास. म्हणजे तीन बायका, सहा-सहा तास. यात जाणं-येणं आणि जेवणाची सुट्टी मिळवली की त्यांचा दिवस संपला. म्हणून हजेरी सहा तासांची लावायची नाही, पूर्ण दिवसाची लावायची. माझ्याकडे ती ६०० रुपये आहे. तिघींचे १,८००. सामान घेऊन रिक्षा जाऊन-येऊन ३००. औषधं, घासण्या, फडकी, हातमोजे २५०. व्हॅक्यूम आणि शिडीची झीज १५०, कारण मशीन कधीतरी बंद पडणारच आणि तेव्हा पैसे कुठून आणायचे? चहा-नाश्ता १००. झाले २,६००.

ताई, तुमचा सबंध दर २,५०० आहे. माझ्या हजेरीनं तुम्ही हे काम केलंत तर शंभर रुपये पदरचे घालून येता. तुमच्याकडे तो खड्डा दिसत नाही, कारण तुम्ही दोघी जावा तिथं बायकांच्या बरोबरीनं घासत असता आणि स्वतःची हजेरी लावत नाही. ती लावा. घरातलं माणूस म्हणून फुकट धरलेले कष्ट हिशेबात कधीच दिसत नाहीत.

त्या २,६०० मध्ये तुमचा स्वतःचा मेहनताना घाला : घर बघायला जाणं, फोन, उभं राहून काम करून घेणं, शेवटी मालकाला दाखवणं. मी ७०० धरते. झाले ३,३००. त्यावर २० टक्के, म्हणजे ६६०, अशासाठी की महिन्यात काही दिवस काम नसतं, कुठं परत जावं लागतं, कुठं पैसे अडकतात. ३,९६० झाले, मी ४,००० सांगते. तुमच्याकडची हजेरी, रिक्षा वेगळी असेल, आकडे तुमचे घाला. मांडणी मात्र याच क्रमानं करा : आधी बायकांची हजेरी, मग सामान, मग तुमचा मेहनताना, मग अडीअडचणीचा वाटा. बरेच जण उलटं करतात. गिऱ्हाईक काय देईल ते आधी ठरवतात आणि उरेल त्यात बायकांना बसवतात. मला ते पटत नाही. गुडघ्यावर बसून कमोडच्या मागं हात घालणाऱ्या बाईची हजेरी हा आपल्या दराचा पाया आहे, तिथं हात लावून स्वस्ताई करायची नाही.

यात भर घालायच्या गोष्टी : लिफ्ट नसलेला तिसरा-चौथा मजला, सामान हललेलं नसणं, भिंतीवरचे सेलोटेप आणि स्टिकर, पाळलेलं कुत्रं-मांजर, झुरळं. आणि आणखी एक, जे आपल्याकडे हमखास आडवं येतं. फ्लॅट सोडताना मोटर बंद केलेली असते, मीटर कापलेलं असतं, टाकी रिकामी असते. बायका दारात उभ्या आणि घरात पाणी नाही! विसार घेतानाच विचारा, लाइट आणि पाणी चालू आहे का. पाणी नसल्यामुळे खोळंबा झाला तर अर्ध्या दिवसाची हजेरी गिऱ्हाईकाकडे, हे आधीच बोलून ठेवा.

पुराच्या गाळाला हा हिशेब लावू नका. २०१९ ला आणि परत २०२१ ला कृष्णेचं पाणी घरात शिरलं होतं, तेव्हाची सफाई ज्यांनी केली त्यांना मी काय म्हणते ते कळेल. त्या गाळात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, गमबूट आणि जाड हातमोजे लागतात, आणि ते काम उक्तं घ्यायचंच नाही, रोजावर घ्यायचं.

आता तुमचं ते २,००० वालं गिऱ्हाईक. त्याच्याशी दुसऱ्याच्या दरावरून वाद घालू नका. दुसरे काय करतात आणि काय सोडतात हे तुम्हाला माहीत नाही. एवढंच म्हणा, “तुमचं बजेट २,००० असेल तर त्यात स्वयंपाकघर आणि एक बाथरूम नीट करून देते. खिडक्या, कपाटं, बाकीचं घर तुम्ही करून घ्या.” पैसे कमी करायचे तर काम कमी करायचं. पूर्ण काम कमी पैशात एकदा केलंत की तोच तुमचा दर म्हणून त्या सोसायटीभर होतो. बऱ्याच वेळा असं सांगितल्यावर माणूस पूर्ण कामावर येतं, कारण त्याला डिपॉझिट परत हवं असतं आणि मालक कपाट उघडून बघणार हे त्याला ठाऊक असतं. नाही आलं तर नाही. तो दिवस दुसऱ्या कामाला मोकळा राहिला.

मालकांनी ट्रॅकसाठी परत बोलावलं, त्याबद्दल. तुमच्या २,५०० मध्ये ट्रॅक होते का? हे कुठं लिहिलेलंच नव्हतं, म्हणून त्यांचंही चुकलं नाही आणि तुमचंही. काम घेताना व्हॉट्सॲपवर मराठीत सरळ लिहून पाठवा : हे-हे करणार, हे-हे करणार नाही. न करण्याच्या यादीत रंगाचे डाग, भिंती, पेस्ट कंट्रोल आणि अडगळ उचलणं आवर्जून घाला. जुनी गादी तशीच सोडून जाणारे खूप आहेत, ती घंटागाडीत जाईल असं धरून चालू नका, टेंपो करावा लागला तर त्याचे पैसे वेगळे. गिऱ्हाईकाचं “ओके” आलं की मगच तारीख द्या. सुरू करण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचा फोटो, संपल्यावर त्याच कोपऱ्याचा फोटो. यादीतलं काही राहिलं असेल तर दोन दिवसांत एकदा फुकट येऊ, यादीबाहेरचं असेल तर तासावर पैसे.

पैसे निम्मे विसार म्हणून आधी, निम्मे काम दाखवल्यावर, किल्ली परत देण्याच्या अगोदर. भाडेकरू एकदा पुण्याला किंवा गावी निघून गेला की उरलेल्या पैशासाठी फोन करत बसावं लागतं.

जीएसटीचं तुम्ही विचारलं नाही, पण गिऱ्हाईकं विचारतात म्हणून सांगते. सेवेच्या धंद्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही. साधं छापील बिलबुक मात्र ठेवा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, तीही करून टाका. एजंटाला पैसे देऊ नका.

प्रश्न : माझा मिरजेत फ्लॅट आहे. ११ महिन्यांच्या करारावर दिला होता. भाडेकरूनं घर फार घाण करून सोडलं. सफाईला ५,००० लागले, ते डिपॉझिटमधून कापले तर तो भांडतोय. माझं चुकतंय का?
— एक घरमालक, मिरज

उत्तर : दादा, कराराचा कागद काढून बघा. घर ताब्यात दिलं त्या स्थितीत परत करायचं, वापरानं होणारी नेहमीची झीज सोडून, अशा अर्थाचं कलम बहुतेक करारांत असतं. ते असेल तर भाजलेलं तेल, तुंबलेलं सिंक, कमोडचे डाग हे झिजेत धरता येत नाहीत. पण उन्हानं विटलेला रंग, नळाची जुनी झालेली चकती, बोअरच्या पाण्यानं धरलेले क्षार याचे पैसे त्याच्याकडून घेऊ नका, मी तर ते माझ्या गिऱ्हाईक मालकांना स्पष्ट सांगते. सफाईचं बिल कामवार फोडून घ्या, फोटोसकट भाडेकरूला पाठवा, आणि त्यातलं फक्त त्याच्या वापरामुळे झालेलं तेवढंच कापा. फोडलेलं बिल समोर आलं की निम्मं भांडण तिथंच मिटतं, असा माझा अनुभव आहे.

करार नोंदवलेला आहे ना, तेही बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी असून त्याची नोंदणी व्हावी लागते आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदवलेला लेखी करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. पुढच्या भाडेकरूला किल्ली देताना रिकाम्या घराचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये राहतील असं करा आणि घर सोडताना सफाई कोणी करायची, ते एका ओळीत करारात घालून घ्या.