फ्रेंच आडनाव 'लेफेब्व्रे' की 'लफेव्र'? आणि ल्यू बिस्किटवाले त्याच घराण्यातले का?

'लेफेब्व्रे' कृपा करून लिहू नका. 'लफेव्र' लिहा. 'ल' आखूड, जोर 'फे'वर, शेवटचा 'र' घशातला आणि जेमतेम ऐकू येणारा. रोमन लिपीतल्या स्पेलिंगमधला (Lefebvre) 'बी' पूर्ण मुका आहे.

"मूळ अक्षर गाळू नये" हा संपादकांचा हट्ट मला कधीच पटलेला नाही, कारण ते अक्षर मूळचं नाहीच. जुन्या फ्रेंचमध्ये लोहार म्हणजे 'फेव्र'. तो लॅटिन 'फाबेर'वरून आला हे दिसावं म्हणून मध्ययुगीन लेखनिकांनी मध्ये 'बी' घातला. त्या काळी 'यू' आणि 'व्ही' एकाच आकाराने लिहीत, त्यामुळे काहींनी ते 'यू' वाचलं आणि 'लफेब्युर' असं वेगळंच आडनाव तयार झालं. म्हणजे लेखनिकाची सजावट देवनागरीत जपायची आणि बोलणाऱ्याचा उच्चार टाकून द्यायचा, हे उलटंच झालं.

नात्याचं म्हणाल, तर आपल्याकडचे सगळे लोहार जेवढे एकमेकांचे भाऊबंद, तेवढेच हे. फ्रान्सच्या दक्षिणेत हाच लोहार फाब्र किंवा फोर होतो, वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतात ल गॉफ. 'शहरावरचा हक्क' ही कल्पना १९६८ साली मांडणारे तत्त्वज्ञ आँरी लफेव्र, फ्रेंच क्रांतीचे इतिहासकार जॉर्ज लफेव्र, नेपोलियनचे मार्शल फ्राँस्वा-जोसेफ लफेव्र हे तिघेही 'बी'वाले. 'ल्यू' या फ्रेंच बिस्किट कंपनीचे झाँ-रोमँ लफेव्र मात्र 'बी' न लावणारे. १८४६ साली ते पश्चिम फ्रान्समधल्या नाँत शहरात आले. त्यांचं लफेव्र आणि पत्नी पोलीन-इझाबेल यांचं माहेरचं आडनाव युतील, या दोन्हींची आद्याक्षरं म्हणजे 'ल्यू'. मुलगा लुईने १८८६ साली पती-बर हे लोण्याचं बिस्किट काढलं: चार कोपरे, ५२ दाते, २४ ठिपके.

ग्रंथालयाच्या सूचीत शोधताना रोमन लिपीत 'बी'सह, 'बी'शिवाय आणि सुरुवातीचा 'ल' (Le) वेगळा तोडून, असं तीनदा शोधा. नोंद बहुतेक वेळा 'एल'खाली असते, 'एफ'खाली नाही. शिवाय 'बी' नसताना 'व्ही'आधीच्या 'ई'वर बहुतेकदा तिरपी मात्रा येते. ती गाळली की काही जुन्या सूचींत नाव सापडत नाही.

एक राहिलं. माणूस हयात असेल, विशेषतः कॅनडा-अमेरिकेतला, तर आधी त्यालाच उच्चार विचारा. तिथे हेच स्पेलिंग 'लफेव्र'पेक्षा वेगळं म्हणणारी घराणी आहेत, आणि त्यांच्यापुरतं तेच बरोबर.