बागेचे प्रश्न : खानदेशच्या हिवाळ्यातला अलिसम

गणपती उठल्यावर लगेच कुंडीत स्वीट अलिसम या हिवाळी फुलझाडाचं बी पेरलं. वरून बोटभर माती घातली, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. मोजकीच रोपं आली आणि तीही बुडाशी काळी पडून आडवी झाली. बी खराब निघालं का? – वाचक, जळगाव

बी बहुधा चांगलंच होतं. घाई झाली आणि बी खोल गेलं. अलिसमचं बी १५ ते २० अंश तापमानात नीट रुजतं. आपल्याकडे ऑक्टोबरचा पहिला पंधरवडाही दुपारी चांगलाच तापतो, मग सप्टेंबरचं काय बोलायचं! दसरा झाला, रात्री गार वाटू लागल्या की पेरा. दिवाळीपर्यंतची पेरणी सर्वांत चांगली. बहर लांबवायचा असेल तर थोडं बी मागे ठेवून नोव्हेंबरच्या मध्यात पुन्हा पेरा. डिसेंबर संपताना पेरलेलं झाड फुलावर येईपर्यंत ऊन चढू लागतं, त्यामुळे तेव्हा पेरण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. एका ग्रॅममध्ये साधारण तीन हजार बिया बसतात, इतकं हे बी बारीक असतं. बोटभर मातीखालून वर येण्याइतकी ताकद त्यात नसते आणि रुजायला त्याला उजेडाचीही मदत होते. म्हणून चिमूटभर बी मूठभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून ट्रेमधल्या ओल्या मातीवर भुरभुरा, तळहाताने हलकेच दाबा आणि वरून काहीही घालू नका. झारीच्या धारेने बी एका कोपऱ्यात वाहून जातं. त्यापेक्षा ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, वरचा थर ओला दिसला की उचला. पाच ते चौदा दिवसांत कोंब दिसतात. तोवर ट्रे उजेडात, पण दुपारच्या उन्हापासून आडोशाला ठेवा.

बुडाशी काळं पडून आडवं होणं म्हणजे रोपांची मर, हा बुरशीचा रोग. दाट पेरणी, सतत ओला वरचा थर आणि कोंडलेली हवा या तिन्हींत ती बुरशी फोफावते. मर दिसताच पाणी तोडा, पडलेली रोपं मातीसकट काढा आणि उरलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात मुळाशी द्या. खरा उपाय मात्र विरळणीचाच. चार-सहा पानं आली की रोपं सहा ते आठ इंचांवर लावा. पेरणीपासून सहा ते आठ आठवड्यांत फूल येतं.

अंगणात काळी माती आहे. वाफ्यात दोन घमेली वाळू मिसळली, तरी झाडं पिवळी पडून बसतात. – वाचक, शिरपूर

दोन घमेल्यांनी काळी माती सुटी होत नाही, तेवढी वाळू तिच्यात नुसती रुतून बसते. अलिसम मूळचा भूमध्य समुद्राकाठचा, खडकाळ-वाळवट जागी वाढणारा. थोडी कोरड आणि थोडा खार तो सोसतो, पण मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. जमीन बदलण्यात कष्ट घालवू नका, वाफा उंच करा. विटांची कड लावून सहा ते आठ इंच भर घाला: दोन भाग पोयटा, एक भाग जाड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. ताजं शेण अजिबात नको.

कुंडीसाठी माती, कोकोपीट आणि वाळू समान घ्या, वर अर्धा भाग गांडूळखत. सहा इंच खोली पुरते. तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत सोडा. त्याने निचरा सुधारत नाही, उलट पाणी खडीच्या वरच्या मातीत अडकून राहतं. भोकावर एक खापरी ठेवली की झालं.

पाणी वारावर ठरवू नका. वरची इंचभर माती कोरडी लागली की सकाळी द्या, तेही मुळाशी. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर धरत असेल तर पंधरवड्यातून एकदा, जमल्यास साठवलेल्या पावसाच्या पाण्याने, तळातून भरपूर वाहून जाईल इतकं पाणी द्या.

झाडं लांबट, पानं हिरवीगार, फुलं मात्र नावाला. युरिया देत आहे. – वाचक, धुळे

युरिया बंद करा. नत्राने पालाच वाढतो. सोबत किमान पाच-सहा तासांचं ऊन मिळतं का ते पाहा.

जानेवारीत फुलं थांबली आणि झाडाचा मधला भाग वाळकट दिसू लागला. काढून टाकावं का? – वाचिका, अमळनेर

अजिबात नाही! पहिला बहर संपून झाड शेंगा भरण्याच्या कामाला लागलं आहे. धारदार कात्रीने निम्म्यापर्यंत छाटा, पण हिरवी पानं शिल्लक राहतील अशी. नुसत्या लाकडी काड्या उरल्या तर फुटवा येत नाही. छाटणीनंतर पाणी द्या आणि १९:१९:१९ हे (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) खत लिटरला दोन ग्रॅम एकदाच. दोन-तीन आठवड्यांत झाड पुन्हा भरतं. छाटायला हात धजत नाही म्हणून अर्धा हंगाम वाया जातो, हे फार वेळा होतं. फेब्रुवारी संपेपर्यंत हे करता येतं, मार्चच्या उन्हात छाटलेलं झाड सावरत नाही.

भरताच्या वांग्यांच्या कडेने अलिसम लावला तर कीड कमी होते, असं ऐकलं. खरं का? – वाचक, यावल

माव्यापुरतं खरं. अलिसमची बारीक उघडी फुलं सिरफिड माशीला मध आणि पराग देतात आणि तिच्या अळ्या मावा खातात. कॅलिफोर्नियात लेट्यूसच्या शेतात याच कामासाठी अलिसमच्या ओळी लावतात. पण वांग्याचा खरा शत्रू म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. ती आत दडलेली असते, सिरफिड तिला हात लावत नाही. तिच्यासाठी वाळलेले शेंडे आणि किडकी वांगी तोडून नष्ट करणं आणि कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे) हेच चालू ठेवा.

एक सावधगिरी. अलिसम मोहरी-कोबीच्या कुळातला. जवळ मोहरी असेल तर काळ्या अंगावर नारिंगी-पांढरे ठिपके असलेला पेंटेड बग त्यावर तुटून पडतो. पानांवर पांढुरके चट्टे येतात, शेंडे सुकतात. सकाळच्या गारठ्यात किडे सुस्त असतात, तेव्हा झाड झटकून साबणाच्या पाण्यात पाडा. अंडी मातीत असतात, म्हणून बुडाची माती हलकी खुरपत राहा. प्रादुर्भाव वाढला तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणासह, मधमाश्या परतल्यावर संध्याकाळी फवारा.

उन्हाळ्यात झाड जगवता येईल का? बी घरचं धरावं का? – वाचिका, नंदुरबार

आपल्या एप्रिल-मेमध्ये जगवण्याचा खटाटोप नको. बी मात्र जरूर धरा. छोट्या चपट्या गोल शेंगा तपकिरी झाल्या, पण फुटल्या नाहीत, अशा वेळी काड्या सकाळी कापून कागदी पिशवीत उलट्या टांगा. आठवड्याने चोळून, पाखडून, कागदाच्या पुडीत घालून कोरड्या डब्यात ठेवा. जांभळ्या आणि गुलाबी जाती पांढऱ्याशेजारी असतील तर पुढच्या वर्षी रंग मिसळून येतील. एकच रंग हवा असेल तर तेवढीच झाडं वेगळ्या कोपऱ्यात लावा.