कोल्हापुरात परसबागेच्या वाफ्यात सारखं तण येतं, कडेला विटा लावून आणि आच्छादन टाकून थांबेल का?

थांबेल, पण आधी तुमचं तण कोणतं ते बघा. हरळी लॉनमधून सरपटत वाफ्यात शिरते, तिला कडच अडवते. मात्र विटा नुसत्या मातीवर मांडून भागत नाही. १५ सेंमी चर खणून विटा किंवा जांभ्याचे तुकडे एकमेकांना घट्ट चिकटवून उभे पुरा, वर बोट-दोन बोटं राहू द्या. तरी महिन्यातून एकदा कडेवरून फेरी मारावीच लागते, हरळी वरूनही उडी घेते!

बियांतून उगवणाऱ्या तणाला, म्हणजे गाजर गवत वगैरे, उजेड मिळू द्यायचा नाही. आपल्याकडे त्यासाठी उसाच्या पाचटासारखं स्वस्त काही नाही. शेतकरी ते पेटवून देतात, मागितलं तर हसत देतील. आधी तण मुळासकट काढा, वाफा भिजवा, मग ७ ते १० सेंमी जाड थर द्या. पाचट कापून टाकलं तर नीट बसतं. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बुंधा कुजतो. पावसाळ्यात थराखाली गोगलगायी लपतात, तेव्हा तो थोडा पातळ करा. कुजून बसलं की वरून नवीन घाला.

लव्हाळा मात्र कशालाच जुमानत नाही, प्लास्टिकसुद्धा भोसकून वर येतो. त्याच्या गाठी खुरप्याने खणून काढत राहायच्या, दुसरा इलाज मला तरी सापडलेला नाही.