लहानशा गावात परकं माणूस येऊन सगळं ढवळून टाकतं, अशी जादुई वास्तववादी, म्हणजे रोजच्या जगण्यात जादू सहज मिसळलेली, कादंबरी कोणती?

जोअन हॅरिसची 'शोकोला' वाचा. 1999 ची आहे, मूळ इंग्रजी, नाव तेवढं फ्रेंच.

व्हिआन रोशे नावाची बाई लेकीला घेऊन कार्निव्हलच्या वाऱ्याबरोबर एका फ्रेंच खेड्यात येते आणि चर्चच्या समोरच चॉकलेटचं दुकान थाटते. तेही कधी, तर ईस्टरआधीचे 40 दिवस उपवासाचे सुरू होताना! पाद्री रेनो पेटतोच.

आम्हा बेळगावकडच्या माणसांना हे वेगळं समजवावं लागत नाही. लक्ष्मी यात्रेच्या आधी आमच्या गावात वार पाळतात. त्या मंगळवारी-शुक्रवारी शेताकडे कुणी फिरकत नाही. मी शाळेत असताना नेमक्या त्याच दिवसांत केरळचा एक माणूस येऊन बेकरी घालून बसला. मराठी शून्य, कन्नड मोडकंतोडकं. आमची आज्जी दारातूनच त्याला म्हणाली, "वारातच भट्टी पेटवायची होती काय गा तुला?" त्याला काय कळणार, हसला. महिनाभरानं ती पहिल्यांदा पाव आणायला गेली, तर त्यानं न विचारता कडा करपलेला पाव काढून दिला. आज्जीला तसलाच लागायचा, हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. आज्जी घरी येऊन एवढंच म्हणाली, "बघतोय ते बरं नव्हं." पाव मात्र सगळा खाल्ला.

कादंबरीतली जादू एवढीच आहे. समोरच्याला कुठलं चॉकलेट आवडेल हे व्हिआनला बघताक्षणी कळतं. लेकीचा काल्पनिक ससा आईलाही अधूनमधून दिसतो. लेखिका हे सगळं भाजीचा भाव सांगावा तसं सांगते, दचकत नाही. उडते गालिचे हवे असतील तर हे पुस्तक तुमच्यासाठी नव्हे.

मला आवडला तो रेनो. गोष्टीचा बराच भाग तो स्वतःच्या तोंडानं सांगतो, बेशुद्ध पडलेल्या म्हाताऱ्या पाद्रीच्या उशाशी बसून. चिडका आहे, पण भुकेलाही आहे, आणि त्याची भीती खरी वाटते. 2000 साली आलेल्या सिनेमात हे काम पाद्रीकडून काढून मेयरला दिलंय, तिथं बराच दम गेला. म्हणून आधी पुस्तक. ईस्टरच्या पहाटे दुकानाच्या शोकेसमध्ये काय होतं ते मी सांगत नाही.